न्यूरेंबर्ग खटल्यातील चित्रफिती

न्यूरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणात २९ नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी छळछावण्यांवरचा सुमारे तासाभराचा चित्रपट पुरावा म्हणून दाखवला गेला. छावण्या मुक्त करणाऱ्या दोस्त सैन्यांच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या ८०,००० फूट फितीतून त्यासाठी ६,००० फूट निवडली होती.

साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, फितीची घेता येत नाही. तिच्या खरेपणाची हमी कोणीतरी शपथेवर द्यावी लागते. म्हणून हा चित्रपट सुरूच शपथपत्रांनी होतो. हॉलिवूडचे दिग्दर्शक आणि तेव्हा अमेरिकी सैन्यात लेफ्टनंट कर्नल असलेले जॉर्ज स्टीव्हन्स चित्रीकरण खरे असल्याचे सांगतात, तर नौदलाचे अधिकारी केलॉग मूळ चित्रणात फेरफार झाला नसल्याची ग्वाही देतात. पुढे काय दिसणार आहे हे पाहता ही सावधगिरी अत्यंत आवश्यक होती. इतकी भीषण दृश्ये बनावट म्हणून फेटाळणे सोपे गेले असते.

चित्रपट दाखवताना दालनात अंधार होता, पण आरोपींच्या चेहऱ्यांवर मंद प्रकाश ठेवला होता. आरोपींपैकी हिटलरचा माजी अर्थमंत्री शाख्ट याने पडद्याकडे पाठ फिरवली. चित्रपट संपल्यावर न्यायाधीश कामकाज तहकूब झाल्याचे जाहीर न करताच उठून गेले.

परिणाम जबरदस्त होता, तरी पुरावा म्हणून त्यात मोठी उणीव होती. प्रेतांचे ढीग दिसत होते; हुकूम देणारे दिसत नव्हते. शिवाय छावण्या जर्मनी, ऑस्ट्रिया आणि बेल्जियममधल्या होत्या. पोलंडमधली संहारकेंद्रे त्यात नव्हती आणि ज्यूंचा वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून जवळजवळ उमटतच नव्हता. मायदानेक आणि ऑशविट्झची दृश्ये सोव्हिएत पक्षाने १९ फेब्रुवारी १९४६ रोजी आपल्या चित्रपटातून न्यायालयासमोर आणली.

गुन्ह्यांशी आरोपींचा संबंध जोडण्यासाठी ११ डिसेंबर १९४५ रोजी ‘द नाझी प्लॅन’ दाखवला गेला. हा तीन तासांहून लांब चित्रपट जर्मनांच्याच चित्रणातून रचला होता. चेहरे ओळखण्यासाठी तो रचणाऱ्या पथकातले अमेरिकी लेखक बड शुलबर्ग यांनी दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल हिची मदत घेतली. आपले वैभवाचे दिवस पाहून काही आरोपी खूशही झाले. तरीही अमेरिकेचे मुख्य सरकारी वकील रॉबर्ट जॅक्सन यांचा भर राहिला तो जर्मन कागदपत्रांवर. दोषसिद्धीचा आधारही प्रामुख्याने तीच ठरली.

कृत्य आणि कर्ता एकाच फितीत सापडणे दुर्मीळच. जून २००५ मध्ये हेगला युगोस्लाव्हियाचा माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच याच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात अशी फीत दाखवली गेली. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील त्र्नोवोजवळ सहा बोस्नियाक बंदींना ठार करताना ‘स्कॉर्पियन्स’ या सर्ब तुकडीने ते स्वतःच चित्रित केले होते. त्यातले मारेकरी ओळखता येत होते. २००७ मध्ये बेलग्रेडच्या न्यायालयाने तुकडीतल्या चौघांना दोषी ठरवले.