पालकीय अपहरण, आंतरराष्ट्रीय : न्यायालयीन प्रतिबंध

आईवडिलांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून किंवा न्यायालयाच्या परवानगीशिवाय मूल परदेशी नेणे, अथवा सुटीपुरते नेलेले मूल तिकडेच ठेवून घेणे, म्हणजे आंतरराष्ट्रीय पालकीय अपहरण. असे मूल परत मिळवण्यासाठी 1980 चा हेग करार आहे. भारत त्यात सामील नाही. त्यामुळे इथे आणलेल्या मुलाबाबत परदेशी न्यायालयाचा आदेश हा अनेक मुद्द्यांपैकी एक मुद्दा ठरतो; निर्णायक असते ते मुलाचे हित, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. तत्त्व योग्यच आहे. पण हित ठरेपर्यंत मूल नव्या शाळेत रुळलेले असते, मागे राहिलेल्या पालकाची भाषाही विसरू लागते. न्यायालयाचा हात सर्वांत लांब पोहोचतो तो मूल विमानात बसण्याआधी. म्हणून प्रतिबंधक आदेशाला परतीच्या आदेशाहून अधिक महत्त्व द्यायला हवे.

भारतीय कायद्यात ही सोय विस्कळीत आहे. पालक आणि पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 26 नुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय पाल्याला अधिकारक्षेत्राबाहेर नेता येत नाही. नेल्यास कलम 44 खाली दंड होतो, तो फार तर एक हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. शिवाय हा निर्बंध नेमलेल्या पालकावर आहे. ताब्याचा दावा अजून न लागलेल्या सख्ख्या आईवडिलांना तो आपोआप लागू होत नाही. त्यांच्यासाठी अंतरिम आदेशच मागावा लागतो, आणि त्याच्या शब्दांवर सारे अवलंबून असते. ‘मुलास देशाबाहेर नेऊ नये’ एवढ्या एका ओळीने काम भागत नाही. पासपोर्टचा क्रमांक, तो कोणाकडे जमा राहील, प्रवासाला परवानगी दिल्यास परतीची तारीख कोणती, हे सगळे आदेशात हवे. मूल परदेशी नागरिक असेल, तर पासपोर्ट जमा करूनही धोका उरतो. त्या देशाचा दूतावास दुसरा देऊ शकतो. म्हणून आदेशाची प्रत दूतावासाला आणि इमिग्रेशन विभागाला पोहोचणे आवश्यक. मध्यरात्री विमानतळाच्या खिडकीपाशी बसलेला अधिकारी समोरच्या पडद्यावर जे दिसते तेच पाहतो. वकिलाच्या फाइलमधला आदेश त्याला दिसत नाही.

मूल परदेशी जाऊ द्यायचेच असेल, तेव्हा तिथल्या न्यायालयाकडून तशाच अटींचा आदेश आधी घेतला जातो. त्याला ‘मिरर ऑर्डर’ म्हणतात. दिल्ली आणि नैरोबी यांमध्ये अडकलेल्या एका मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये असा आदेश आणायला लावून, एक कोटी रुपये जमा करून घेऊन ताबा वडिलांना दिला. पुढच्याच वर्षी केनियाच्या उच्च न्यायालयाने भारतीय निकाल तिथे बंधनकारक नसल्याचे ठरवले आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपला आदेश मागे घ्यावा लागला. तोवर मूल केनियात होते. यावरून मिरर ऑर्डर निरुपयोगी ठरत नाही. ज्या देशात ती राबवायची, तिथला अंमलबजावणीचा कायदा न्यायाधीशाने सही करण्याआधी स्वतः तपासायला हवा, पक्षकाराच्या शब्दावर विसंबू नये, हा त्यातला धडा आहे.

मोठा आक्षेप असा, की असे निर्बंध छळ सोसणाऱ्या स्त्रीला परक्या देशात कोंडून ठेवतात. तो गंभीर आहे, आणि अनेक प्रकरणांत खराही. मात्र छळाचा पुरावा मांडायला प्रवासापूर्वीची सुनावणी हीच चांगली जागा आहे. न सांगता निघालेली आई परदेशी न्यायालयात आदेशभंगाची आरोपी होते आणि तिचे म्हणणे मागे पडते. दुसरा आक्षेप भेदभावाचा. अमेरिकेतील काही राज्यांनी स्वीकारलेल्या 2006 च्या नमुना कायद्यात नोकरी सोडणे, घर विकणे, बँकखाती बंद करणे ही धोक्याची चिन्हे मानली आहेत. त्यांच्याच रांगेत हेग कराराबाहेरच्या देशात मूल नेण्याची शक्यताही आहे. पहिली तिन्ही कृत्ये पालकाची. शेवटची बाब त्याच्या मायदेशाची. म्हणून निव्वळ तिच्या आधारे प्रवास रोखणे मला अन्यायाचे वाटते. कृतीचा पुरावा नसेल तिथे बंदीऐवजी हमीची रक्कम, परतीचे तिकीट आणि ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल एवढ्या अटी पुरतात. भारताने करारात सामील व्हावे, अशी शिफारस विधी आयोगाने 2009 मध्येच केली होती. ती अमलात आलेली नाही, आणि ह्यूस्टनहून दोन महिन्यांसाठी मुलाला पुण्यात आजोळी आणू पाहणाऱ्या आईला त्या अनास्थेचा जाब तिथल्या न्यायालयात द्यावा लागू शकतो.