चोरी गरिबाची, खटला सरकारचा

घरात चोरी झाली, चोरही सापडला. आता खटला कोणी चालवायचा? १८०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा ज्याचं गेलं त्यानेच! धावपळ त्याची, खर्चही त्याचाच. मग गरीब माणूस गप्प बसायचा.

शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र हे काम सरकारी वकिलाचं. स्थानिक कोर्टात 'प्रोक्युरेटर फिस्कल', वरच्या कोर्टात 'लॉर्ड ॲडव्होकेट'. फिर्यादीची ऐपत नसली तरी खटला उभा राहायचा.

चोरीचा माल घेणं हाही तिथे वेगळा गुन्हा, त्याचं नाव 'रिसेट'. पण माल घरात सापडला एवढ्यावर भागायचं नाही. तो चोरीचा आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं, हेही दाखवावं लागे. एकट्या साक्षीदाराचा शब्द पुरेसा नसे. १५ जणांची ज्यूरी बहुमताने निकाल द्यायची. दोषी, निर्दोष आणि तिसरा, 'सिद्ध झालं नाही'.

शिक्षा मात्र कडक. अनेकांना ७ किंवा १४ वर्षांसाठी थेट ऑस्ट्रेलियाला धाडलं जाई.

गरिबाच्या फिर्यादीमागे सरकारने उभं राहायचं, पण पुराव्याशिवाय कोणाला दोषी ठरवायचं नाही. न्यायाला दोन्ही लागतं. यातलं एक जरी ढिलं पडलं, तरी भरडला जातो तो साधा माणूसच.