फडक्यावर उतरलेला रंग

राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी जेथे अखेरचा श्वास घेतला, ते गाव म्हणून सावनेर साहित्यप्रेमींना ठाऊक आहे. मी तेथे गेलो तो मोटारींच्या रंगाचा माग काढत. नागपूरहून आलेला रस्ता येथे बैतूल आणि छिंदवाड्याकडे फुटतो. परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. काळी धूळ आणि वैदर्भी ऊन, दोन्ही रंगाचे वैरी. म्हणून पॉलिशचे काम येथे बारमाही.

गडकऱ्यांच्या काळी मोटारीला कुंचल्याने वार्निशाचे हात देत. ते वाळून काम पुरे व्हायला आठवडे लागत. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्युको’ आणला. तो फवाऱ्याने मारता येई आणि लवकर वाळे. पुढे ते व्यापारी नाव आपल्याकडच्या पेंटरांच्या बोलीत सामान्यनाम झाले.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फिअट-पद्मिनींचा साधा रंग थेट उघडा असे. त्यावर पारदर्शक थर नसे. उन्हाने विटलेला पापुद्रा रबिंग कंपाऊंडने घासला, की खालचा ताजा रंग वर येई आणि फडके गाडीच्याच रंगाचे होई. किती रंग गेला, याचा हिशेब कारागिराच्या हातातच असे.

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. जुन्या एकथरी मेटॅलिकवर जोराने घासले, तर हे पापुद्रे उघडे पडून डाग दिसत. पुढे त्यांच्यावर पारदर्शक क्लिअर कोट आला. १९९१ नंतर नव्या गाड्यांची गर्दी झाली, तसे हे रंग आपल्याकडे नित्याचे झाले. आता घासला जातो तो रंग नव्हे, वरचा पारदर्शक थर. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी. आज अनेक साध्या रंगांवरही तो असतो. त्यामुळे आडोशाच्या जागी हलके घासून फडके पाहणे हीच सोपी परीक्षा.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा बदल. पॉलिश म्हणजे भर नव्हे, झीज. चकाकी येते ती थोडे गमावूनच. जुना रंग ही झीज फडक्यावर दाखवत असे. मेटॅलिकचे फडके रंगत नाही, म्हणून काहीच गेले नाही असे वाटते. क्लिअर कोट संपला, की कोणतेही पॉलिश कामाचे नाही. पत्रा पुन्हा रंगवावाच लागतो. जोर लावून चमक काढणारा जुना हात येथे हलका व्हावा लागला, तो याच कारणाने.