मनातले मत आणि हिशेबाचे मत

दलित साहित्याची पार्श्वभूमी शिकवताना पुणे कराराचा उल्लेख अटळ असतो. आमचे विद्यार्थी उपोषण आणि १४८ राखीव जागा एवढे सांगून थांबतात; कराराच्या दुसऱ्या कलमाकडे क्वचितच कोणी वळते. बाबासाहेबांनी १९५० साली ज्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, त्या आजच्या छत्रपती संभाजीनगरात तरी ते कलम वाचले जावे, असे आम्हांस वाटते.

२४ सप्टेंबर १९३२ च्या या करारानुसार राखीव जागेसाठी आधी प्राथमिक निवडणूक व्हायची होती. तीत केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे. त्या चौघांतून एकाची निवड मात्र संयुक्त मतदारसंघाने करायची. अमेरिकेतील काही राज्यांत प्राथमिक निवडणूकच खुली असते. प्रतिपक्षाचे मतदार तीत शिरून मुद्दाम दुबळा उमेदवार पुढे करतील, अशी भीती तेथे व्यक्त होते. पुणे करारात पहिले दार बंद होते, पण दुसरे सताड उघडे. अस्पृश्यांनी मनापासून पहिला ठरवलेला उमेदवार अंतिम फेरीत हरू शकत होता आणि चौथा आलेला सवर्णांच्या मतांवर जिंकू शकत होता. बाबासाहेबांचा पुढील काळातला आक्षेप नेमका हाच होता.

१९३७ साली मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवारास देता येत. संख्येने थोडे असलेल्यांच्या मनातल्या मताला या सवलतीने बळ दिले. बाबासाहेब मुंबईतून निवडून आले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता, परंतु तेथे एका उमेदवारास एकच मत देता येई. नारायण काजरोळकर यांच्याकडून बाबासाहेब पराभूत झाले. ७४,३३३ मते बाद ठरली होती. कम्युनिस्टांनी मते कुजवण्याचा प्रचार केला, अशी तक्रार करणारा अर्ज त्यांनी अशोक मेहतांसह दाखल केला. तो फेटाळला गेला.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. हिशेब संपला नाही. २०१९ साली औरंगाबादेतून इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी विजयी झाले. तिसऱ्या क्रमांकावरील हर्षवर्धन जाधवांना पावणेतीन लाखांहून अधिक मते होती. त्यांच्या मतदारांनी मत वाया घालवले, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांस तो दोष मतदारावर ठेवता येत नाही. मनातल्या मताचे मोल मतदाराच्या सचोटीइतकेच मत मोजण्याच्या रीतीवरही ठरते, आणि ती रीत मतदार ठरवत नसतो.