आडवं हसू

1982च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात, कार्नेगी मेलन विद्यापीठात, एका विनोदाने काही माणसांना खरोखर घाबरवलं. :-) या खुणेचं कूळ शोधत मागे गेलं की आपण त्या घाबरलेल्या माणसांपाशी पोचतो.

विद्यापीठाच्या संगणकांवर एक सामाईक सूचनाफलक होता. व्याख्यानांच्या वेळा, हरवलं-सापडलं, वादविवाद, कोडी, सगळं त्यावर चाले. एकाने कोडं घातलं: दोर तुटलेली लिफ्ट खाली कोसळते आहे, आत भिंतीवर पेटती मेणबत्ती आहे आणि जमिनीवर पाऱ्याचा थेंब. दोघांचं काय होईल? कोसळत्या लिफ्टमध्ये वजन जाणवत नाही, त्यामुळे चर्चा रंगली. मग दुसऱ्या एकाने अगदी कार्यालयीन भाषेत इशारा लिहिला, की भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे डावीकडच्या टोकाच्या लिफ्टमध्ये पारा पसरला आहे आणि आगीनेही थोडं नुकसान झालं आहे. कोडं वाचलेले हसले. ज्यांच्या नजरेला फक्त इशारा पडला, त्यांना तो खरा वाटला.

पुढचे दोन-तीन दिवस तिथे जे घडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. न समजणाऱ्यांना मूर्ख ठरवून विषय संपवता आला असता. त्याऐवजी विनोदाला खूण कशी करावी, यावर सूचना येऊ लागल्या. एकाने विषयाच्या ओळीत तारा टाकायला सुचवलं. कुणाला टक्क्याचं चिन्ह बरं वाटलं. एकाने महिरपी कंसात # ठेवून ओठांमधून दिसणारे दात दाखवले. अखेर 19 सप्टेंबरला, दुपारी बाराला थोडा वेळ असताना, कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या स्कॉट फालमन यांनी तीन विरामचिन्हं एकापुढे एक ठेवली आणि ती आडवी वाचा असं सांगितलं. तेव्हाच्या पडद्यावर चित्र काढायची सोय नव्हती. अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं एवढीच सामग्री. त्यातून चेहरा करायचा तर मान कलती करण्याचं काम वाचणाऱ्याकडेच येणार.

त्याच टिपणात फालमन यांनी पुढे लिहिलं, की फलकावरची एकूण रीत पाहता विनोद नसलेल्या मजकुरालाच खूण करणं सोयीचं पडेल, आणि त्यासाठी :-( सुचवलं. म्हणजे आज आपण ज्याला रुसलेला चेहरा म्हणतो, त्याचा मूळ अर्थ ‘हे गंभीरपणे घ्या’ एवढाच होता. दुःख आणि नाराजी त्याला वापरणाऱ्यांनी नंतर चिकटवली.

विनोदाला विरामचिन्हांची खूण करायचा विचार सुचलेले फालमन पहिले नव्हेत. आर्पानेट या तेव्हाच्या संगणक-जाळ्यावर 1975 साली ‘एमएसजीग्रुप’ नावाचा ईमेल-चर्चेचा गट सुरू झाला होता. लिहिताना हावभाव आणि आवाजाचा चढउतार हरवतो, ही तक्रार मांडून केविन मॅकेन्झी यांनी तिथे 1979च्या एप्रिलमध्येच -) अशी खूण सुचवली होती. ती रुजली नाही. मला कारण दिसतं ते असं: त्या खुणेत डोळे नव्हते. ती काय आहे हे आधी कुणीतरी समजावून सांगावं लागे. फालमन यांचा चेहरा एकदा मान वाकडी केली की कायमचा ओळखीचा होतो. काही महिन्यांतच तो इतर विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत पोचला.

मूळ टिपण मात्र कुणीच जपलं नव्हतं, खुद्द फालमन यांनीही नाही. वीस वर्षांनी, 2002 साली, विद्यापीठातल्या जुन्या फिती धुंडाळून ते शोधून काढण्यात आलं.

विनोदाला खूण करायची ही नड मराठी पत्रात कधी फारशी भासली नाही. थट्टा केली तरी मायन्यात नातं आणि मान ठरलेला, शेवटी ‘लोभ असावा’ होतंच. ईमेलमध्ये मायना गेला, लोभही गेला, आणि उरलेलं वाक्य उघडं पडलं. म्हणूनच आंतरजालावरच्या मराठी मंडळींनी थट्टेच्या शेपटाला ‘ह. घ्या.’, म्हणजे हलके घ्या, असं जोडायला सुरुवात केली. काहींनी ‘टेक इट लाइट’मधल्या लाइटवर कोटी करून ‘दिवे घ्या’ म्हटलं. मला हा दिवा फार आवडतो. फालमन यांच्या चेहऱ्यात लिहिणाराच हसतो. दिवा मात्र समोरच्याच्या हातात द्यायचा असतो.