केदारेश्वराचं पाणी

गड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि तोफा उभ्या राहतात. हरिश्चंद्रगडावर यातलं फारसं काही नजरेत भरत नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला हा १४२४ मीटर उंचीचा डोंगर. इथं दिसतं ते एक दगडी देऊळ, कातळात खोदलेल्या गुहा आणि जागोजागी साठवलेलं पाणी. मी तिथं पहिल्यांदा गेलो तो स्वच्छतेच्या एका मोहिमेतला स्वयंसेवक म्हणून. एका दिवसात जाऊन परतायचं होतं.

डिसेंबरातली सकाळ होती. पाचनई गावातून उजाडता उजाडता निघालो. आम्ही पंधराएक जण होतो. जवळ रिकामी पोती, हातमोजे आणि दोन घमेली. उंच कातळाच्या पोटातून जाणारी वाट संपली, ओढा लागला आणि दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराचं शिखर दिसलं.

सुमारे १६ मीटर उंचीचं हे देऊळ उत्तर भारतीय धाटणीच्या शिखराचं आहे. परंपरा सांगते, की झंज नावाच्या शिलाहार राजानं बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली. रतनवाडीचं अमृतेश्वर प्रवरेच्या उगमाजवळचं आणि हरिश्चंद्रेश्वर मंगळगंगेच्या उगमाजवळचं. या परंपरेला पुरावा किती, हा प्रश्न वेगळा. पण देवळाची जागा पाणी पाहून निवडली असावी, हे तिथं उभं राहिलं की पटतं. समोरून ओढा वाहतो, शेजारच्या कातळात टाकी खोदलेली आहेत आणि जवळच बांधीव पुष्करणी आहे. तिच्या एका काठावर देवळीसारखे कोनाडे ओळीनं केलेले आहेत. पाण्याच्या काठी देव बसवला, म्हणजे पाणी आपोआप राखलं जाईल, असा हिशेब त्यामागं असेल का? मला तरी तसं वाटतं.

या जागेचं मराठी भाषेशीही जुनं नातं आहे. चांगा वटेश्वराचा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच डोंगरावर शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ मध्ये पुरा झाला. इथल्या कोरीव लेखांतही वटेश्वराचं नाव येतं. तो काळ आठवून पाहा. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीनं देवगिरीवर स्वारी केली होती आणि पुढच्या बावीस-तेवीस वर्षांत यादवांचं राज्य बुडालं. खाली राज्य मोडत असताना वर एक योगी मराठीत तत्त्वविचार मांडत होता. पुढं गड मोगलांकडे होता. १७४७-४८ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. सत्ता बदलत राहिल्या, पाणी मात्र त्याच जागी राहिलं.

देवळाकडून ओढ्याच्या काठानं थोडं खाली गेलं, की केदारेश्वराची गुहा येते. आत कमरेइतकं थंडगार पाणी आणि मधोमध मोठं शिवलिंग. लिंगाभोवती चार खांब होते. त्यातला आज एकच शाबूत आहे. लोक सांगतात, चार खांब म्हणजे चार युगं. तीन संपली. चौथा खांब पडेल त्या दिवशी कलियुगाचा आणि जगाचा शेवट. गोष्ट ऐकायला छान आहे. पण ही गुहा बांधलेली नाही, खोदलेली आहे. तिचं छत आणि वरचा डोंगर हा एकच कातळ. म्हणून तर तीन खांब जाऊनही छत जागेवर आहे.

आम्ही चौघं पाण्यात उतरलो. पहिल्या दोन मिनिटांत पाय बधिर झाले. तळाशी हात घातला की काही ना काही हाती लागायचं : उदबत्त्यांची पाकिटं, कापराच्या डब्या, प्लास्टिकच्या बाटल्या, शांपूच्या पुड्या. श्रद्धेनं आलेल्याचा आणि मौजेनं आलेल्याचा कचरा एकत्रच होता. घमेलं भरून बाहेर देताना माझ्या मनात आलं, मी स्वतःही कुठल्या तरी तीर्थात अशीच एखादी पिशवी सोडली असेल.

दुपारी देवळाजवळच्या झोपडीत पिठलं-भाकरी खाल्ली. वाढणाऱ्या मावशी पाचनईच्या. त्यांना म्हटलं, “मावशी, शेवटचा खांब कधी पडणार?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “खांबाचं देवाला ठाऊक, दादा. आम्ही लहान होतो तेव्हा इथलं पाणी ओंजळीनं पीत होतो. आता तुम्ही प्याल का?”

मी काहीच बोललो नाही. माझ्या पाठपिशवीत घरून आणलेली पाण्याची बाटली होती.

हे पाणी गडावरच थांबत नाही. मंगळगंगा मुळेला मिळते, मुळा प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला. वाटेत मुळा धरण आहे आणि त्या धरणाचं पाणी अहिल्यानगर शहर पितं. म्हणजे गुहेत सोडलेली शांपूची पुडी आपण देवापुढंच टाकतो असं नाही, कुणाच्या तरी माठाच्या वाटेवर टाकतो.

संध्याकाळी नऊ पोती खांद्यावर घेऊन उतरलो. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, तेव्हा सात भरली. दोन पोती कमी झाली, याचा आनंद मानायचा की सात भरली याचं दुःख, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटचा खांब आपल्या हातात नाही. पाणी आहे. पुढच्या वेळी मावशींनी तोच प्रश्न विचारला, तर ‘हो’ म्हणता यावं, एवढीच इच्छा आहे.