तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल

श्रावण अमावास्येस थोरांचा पोळा आखरावर भरतो, खांदशेकणी झालेल्या, झुली ल्यालेल्या बैलजोड्या आंब्याच्या तोरणाखाली उभ्या राहतात, आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूर-वर्ध्याकडच्या मुलखात बालकांचा तान्हा पोळा भरतो. चार चाकांचा लाकडी नंदीबैल दोरीने ओढीत मुले घरोघर जातात आणि वडीलधाऱ्यांकडून बोजारा, म्हणजे खुशीची भेट, घेतात. गोंदियाच्या धानपट्टीत ही वहिवाट नागपूर-वर्ध्याइतकीच रुळलेली आहे.

तिचा उगम नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात सांगितला जातो. दुसऱ्या रघुजीराजांनी, ज्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी झाली, मुलांस बैलाचे महत्त्व कळावे म्हणून १८०६ साली हा सोहळा सुरू केला, अशी परंपरा आहे. दरबारची चाल पुढे जमीनदार-मालगुजारांच्या वाड्यांतून रयतेपर्यंत पोचली असावी, असे अनुमान सहज सुचते. परंतु गोंदियाच्या पूर्व सीमेपलीकडे छत्तीसगडात ‘पोरा’ सणास मुलग्यांना मातीचे चाकांचे बैल आणि मुलींना मातीची चूल-जाते देण्याची रीत आहे, ती ध्यानात घेतली म्हणजे मला असे वाटते की, खेळातला बैल कृषकांच्या घरी आधीपासूनच असावा आणि दरबाराने त्यास फक्त उत्सवाचे वैभव दिले असावे.

हा बैल घडवणारा वाढई नांगर आणि बैलगाडी करणाऱ्या हातांनीच त्यास आकार देई, म्हणून त्याच्या वशिंडात, शिंगांच्या वळणात आणि मानेच्या उंचीत गोठ्यातल्या जनावराची नेमकी ओळख उतरे. नुकत्याच चालू लागलेल्या मुलास असे ओढायचे खेळणे मिळाले म्हणजे तोल सावरीत पुढे पाऊल टाकणे आणि मागे वळून पाहणे ही दोन्ही कामे त्यास एकाच वेळी साधावी लागतात. तीन वर्षांचे मूल त्याच बैलास चारा घालते, पाणी दाखवते, त्याच्याशी बोलते, आणि या कल्पनाव्यापारातच त्याची भाषा वाढीस लागते. पाच वर्षांचे मूल गळ्यात घुंगरू बांधते, शिंगांना बेगड चिकटवते, त्यात त्याची बोटे निष्णात होतात, आणि तोरणाखाली रांगेत उभे राहून आपली पाळी येईपर्यंत थांबण्यास ते शिकते. एकच खेळणे इतक्या अवस्थांत उपयोगी पडावे, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

जर्मनीत शिक्षणतज्ज्ञ फ्रेबेलने १८३७ साली बालकांच्या संस्थेस आरंभ केला आणि लाकडी गोल व घन यांना शिक्षणात स्थान दिले; आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे १९५७ पासून कोसबाडास अनुताई वाघांसह बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात शंख, खडे, बिया, पाने अशी परिसरातली, बिनमोलाची साधने मुलांच्या हाती दिली. खेळणे मुलाच्या परिचित जीवनातून यावे, हे त्यांचे तत्त्व लाकडी बैलास पूर्णपणे लागू पडते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी कालांतराने गावोगाव पोचली. परंतु बालशिक्षण इतके दाराशी येऊनही तान्ह्या पोळ्याचा बैल सणापुरता अंगणात येतो आणि उरलेले वर्ष माळ्यावर पडून राहतो.

मला खेद याचा होतो की, आता स्पर्धांतून बक्षीस बैलाच्या आकारास मिळू लागले आहे; मुलास हलवताही न येणारा नंदी बाप ओढतो आणि मूल बाजूने चालते. जे खेळणे मुलाच्या बळास पेलत नाही, ते कितीही मौल्यवान असले तरी त्याचे नव्हे. पंचांनी मुलाने स्वतः सजवलेल्या आणि स्वतः ओढीत आणलेल्या बैलासच बक्षीस द्यावे. पालकांनी वाढयाकडून वीतभर उंचीचा, गुळगुळीत कडांचा, मजबूत चाकांचा बैल करवून घ्यावा, तो मुलाइतकाच मुलीलाही द्यावा, मातीची चूल-बोळकीही दोघांना द्यावीत, आणि सण सरल्यावर तो माळ्यावर न टाकता मुलाच्या हाताशी ठेवावा, एवढीच माझी गोंदिया जिल्ह्यातील गृहस्थांस आणि अंगणवाडीच्या ताईंस विनंती आहे.